आधी त्यांच्या कानात सांग

श्वासाचं मशीन ठेवायचं की काढायचं, यावर आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मायलेकांची सकाळपासून जुंपली होती. थोरल्याचं एकच पालुपद: "धाकटा रविवारी पोचतोय. तोवर बाबांना ठेवायचं."

"ठेवायला ते काय ट्रंक आहेत?" म्हातारी म्हणाली.

"आई, तुला यातलं कळत नाही."

पोटाला चिमटा काढून याला शिकवलं, आणि आता हा तिलाच अडाणी ठरवत होता. नवऱ्याने तिला दोनदा बजावलं होतं, मला नळ्या लावून टांगून ठेवू नका. पण त्यांचा श्वास अडकला त्या दिवशी ती बहिणीकडे होती, आणि या शहाण्याने सही ठोकून दिली. आता डॉक्टरीणबाई रोज सांगत, सुधारणा नाही, होणारही नाही. त्रास न होता जाऊ देता येईल, पण घरच्यांचं एकमत हवं.

एकमत म्हणे. या घरात चहात साखर किती, यावरही कधी झालं नव्हतं.

भेटीच्या वेळेला दोघं आत गेले. नर्स कफ ओढायला आली होती. "बाबा, नळी साफ करते हं. ठसका लागेल," ती कानाशी वाकून म्हणाली. सांगितल्याशिवाय ती अंगाला हात लावत नसे. नळी आत गेली तसं त्यांचं अख्खं अंग गादीवरून उचललं गेलं. थोरल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हे दिवसातून किती वेळा?" म्हातारीने विचारलं.

"आठ-दहा वेळा तरी, आजी."

म्हातारी लेकाकडे वळली. "इकडे ये. वाक. ही परकी पोर सांगून करते, तूही सांग. म्हण, बाबा, धाकटा येईपर्यंत अजून चार दिवस हेच सोसा."

तो वाकला. "बाबा," म्हणाला, आणि अडला.

"बोल की. मला तर सकाळपासून ऐकवतोयस."

तो तसाच बाहेर गेला आणि डॉक्टरीणबाईंकडे त्याने मशीन काढायच्या संमतीचा कागद मागितला.

दुपारी झोपेचं औषध वाढवून नळी काढली. श्वास चालू होता, लांब लांब अंतराने. थोरल्याला रडू कोसळलं. तो आईच्या खांद्यावर डोकं टेकायला आला. तिने खांदा काढून घेतला.

"माझ्याकडे काय येतोस? ते आहेत अजून. त्यांच्याकडे जा."

आपली उशाजवळची खुर्ची मात्र तिने तसूभर हलवली नाही. त्याला पलंगाला वळसा घालून पलीकडून जावं लागलं.