चौदा आण्यांचा हुरडा

"मी चटणी वाटणार न्हाई," दुर्गाबाईंनी सांगितलं आणि पाटा उचलून भिंतीला उभा केला.

भुजंगराव पाटलांना आधी वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. बोरखडीची माली पाटीलकी, म्हणजे सरकारी वसुलीचं काम, त्यांच्या घरात तीन पिढ्या होती. सरकारी माणूस हुरड्याला आला आणि लसणाची चटणी नाही, असं या घरात कधी घडलं नव्हतं.

"अगं, उद्या गिरदावरसाहेब आणेवारीला येऊन राह्यले!"

"म्हणूनच न्हाई."

तुमच्याआमच्या घरी पाहुणा जेवून गेला की दोन चांगले शब्द मागं ठेवून जातो. बोरखडीत मात्र पाहुणा जेवून गेला की त्याच्यामागून बैलगाड्या येत आणि गावची ज्वारी भरून नेत. ते असं होतं. जर्मनीची लढाई चालू होती. मराठवाड्यातल्या घनसावंगीपासून ती पुष्कळ लांब होती, पण तिला भूक लागायची ती इकडच्या ज्वारीची. निजाम सरकारनं लेव्हीचा हुकूम काढला : प्रत्येक खातेदारानं जमिनीच्या मानानं सरकारला ज्वारी घालायची, आणि तीही सरकार ठरवील त्या भावानं. तो भाव ऐकून व्यापारीसुद्धा लाजले असते. आणि व्यापारी सहसा लाजत नाहीत. किती घालायची, ते गिरदावर, म्हणजे महसूल खात्याचा तपासनीस, पीक पाहून ठरवणार. सोळा आणे म्हणजे भरगच्च पीक, चार आणे म्हणजे नुसता कडबा. साऱ्या गावाला मिळून एकच आकडा. माती शंभर तऱ्हेची असली तरी सरकारच्या लेखी गाव म्हणजे एकच मोठं शेत.

आणि ते शेत नेमकं पाटलांचं असायचं. गाडीवाटेला लागून, काळं, विहिरीवर मोट चालणारं. हुरडा भाजायची आगटी तिथंच पेटायची. गेल्या साली गिरदावर वामनराव तिथं पोटभर हुरडा खाऊन, मोठा ढेकर देऊन म्हणाले होते, "पाटील, असा गोड हुरडा तालुक्यात न्हाई. चौदा आणे!" पाटलांची छाती अशी फुगली, जणू ते चौदा आणे त्यांनाच बक्षीस मिळाले होते.

बक्षीस मिळालं ते गावाला. माळावरच्या मुरमाड जमिनीत चार आणेसुद्धा पीक नव्हतं, पण ज्वारी घालायची ती चौदा आण्यांच्या हिशेबानं. कणग्या झाडून निघाल्या. पेरायला ठेवलेलं बीसुद्धा गेलं. होळीनंतर तीच ज्वारी सरकारी शिक्क्याच्या पोत्यांतूनच काळ्या बाजारात आली, तिप्पट भावानं. ज्यांनी पिकवली त्यांनीच ती विकत घ्यावी, अशी उत्तम सोय झाली होती. हे सगळं टंचाई दूर करण्यासाठी चाललं आहे, असं हुकुमात छापलेलं होतं.

नवराबायकोचं हे चाललेलं असतानाच झुंबरबाई दारात येऊन उभी राहिली. माळावर चार एकर, नवरा वारलेला. हुरडा भाजावा आणि चोळावा तिनंच. म्हणून साहेब आले की बोलावणं तिलाच.

"पाटील, उद्या कधी येऊ?"

"सकाळी जल्दी ये."

तरी ती जाईना. पदर चाचपत उभी राहिली.

"एक इचारू का? यंदा साहेबाला किती गोड लागणार हाय?"

"म्हंजी?"

"गेल्या साली म्याच चोळला, साहेबाला चौदा आणे गोड लागला. माझी कणगी गेली. आखाडात पोरींला तरोट्याची भाजी घालून काढले दिस. धाकली हगवणीनं गेल्ती, तुम्ही आल्ता मातीला. आता थोरली एकलीच हाय. म्हणून इचारलं, हुरडा जरा कच्चा ठिवला तर चालंल का?"

पाटील पागोटं नीट करू लागले. ते नीटच होतं.

झुंबरबाई गेल्यावर ते म्हणाले, "म्या आकडा लिवतो का? सरकार लिवतं."

"सरकार हैदराबादेत बसलंय," दुर्गाबाई म्हणाल्या. "त्याला झुंबरचा माळ कुठून दिसणार? तुम्ही दाखवता तेवढंच त्याला दिसतं. आन् तुम्ही काय दाखवता? आपल्या मोटंचं पाणी!"

"गावाची काही अब्रू हाय का न्हाई? साहेबापुढं काय भिकारडं गाव दाखवू?"

"अब्रू खाऊन ती पोर जगली असती ना, तर मी अब्रूच वाटली असती पाट्यावर!"

उत्तर सुचलं नाही की पाटील रागावत. त्याप्रमाणे ते रागावून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी वामनराव तट्टावरून आले. आगटीजवळ घोंगडी अंथरली होती. तिच्यावर बसून त्यांनी पहिला घास घेतला आणि इकडंतिकडं पाहिलं.

"पाटील, चटणी?"

"पाटा फुटला, साहेब."

"अरेरे!" वामनराव मनापासून हळहळले. गावात पोर गेल्याचं त्यांना कळवलं होतं तेव्हा ते इतके हळहळले नव्हते. मग गुळावर भागवून त्यांनी खायला सुरुवात केली. झुंबरबाई निखाऱ्यातून कणसं काढत होती, तळव्यांत चोळत होती, फुंकर मारून दाणे पुढं करत होती. तिचे तळवे लालभडक झाले होते. आज तिनं हुरडा कच्चा ठेवला नव्हता. चांगलं करायची सवय हातांना लागली की हात ऐकत नाहीत.

"वा! मागल्या सालाहून गोड," वामनराव म्हणाले. "चौदा तर बराबरच हायेत. पंधरा लिहू का, पाटील?"

झुंबरबाईचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही. नुसते हात थांबले, दाणे तळव्यावर तसेच.

"थांबा, साहेब!" पाटील उठले. "हुरडा अजून संपला न्हाई. हा माझा झाला. गावाचा बाकी हाय."

ते स्वतः माळावर गेले आणि झुंबरबाईच्या शेतातली कणसं उपरण्यात घेऊन आले. आगटीत घातली, भाजली आणि ज्या हातांनी तीन पिढ्या फक्त खाल्लं होतं त्या हातांनी चोळली. फुंकर मारली. सगळं उडून गेलं! तळव्यावर चारदोन सुरकुतलेले दाणे उरले, तेही काळे. ते त्यांनी साहेबांपुढं धरले.

"खा, साहेब."

"हे काय?"

"हाबी बोरखडीचाच हुरडा हाय. कित्ती आणे गोड लागतो ते सांगा."

वामनरावांनी दाण्यांना हात लावला नाही. आवाज उतरवून ते म्हणाले, "पाटील, तुम्ही समजदार माणूस. तालुक्याचा आकडा वरूनच ठरून आलाय. मी काय बघतो त्याच्यावर काही न्हाई."

"मंग तुम्ही बघायला येता कशाला?"

वामनरावांनी हातातल्या गुळाच्या खड्याकडं पाहिलं. उत्तर हातातच होतं.

"पंचनाम्याला माली पाटलाची सही लागते ना?" भुजंगराव म्हणाले. "ती न्हाई मिळायची. शेतवार लिवा. माझं चौदा लिवा, ते बिलकुल खरं हाय. घाला माझी ज्वारी गाडीत. हिचं चार लिवा, तेबी खरं हाय."

"पाटीलकी जाईल!"

"पोर गेली, तवा पाटीलकीचा काय उपयोग झाला हो?"

वाटेवर माणसं जमली होती. एकजण म्हणाला, "साहेब, माझ्या शेतात चला." मग दुसरा म्हणाला. वामनरावांच्या पायात पंपशू होते आणि माळावर सराटे. दिवसभर ते गावानं दाखवलेल्या प्रत्येक बांधावर उभे राहिले आणि आपल्या नोकरीत प्रथमच, जे दिसलं ते लिहिलं.

महिन्याच्या आत पाटलांच्या निलंबनाचा हुकूम आला. एरवी वर्षवर्ष न हलणारी कचेरी या कामात फार चपळ निघाली. पण झुंबरबाईची कणगी जागेवर राहिली. आखाडात तिच्या थोरलीनं भाकरी खाल्ली.

मग तालुक्याचा कोटा भरला कुठून? पुढच्या गावातून. तिथला हुरडा गोड होता.

हे भुजंगरावांना कळलं. पुढच्या मार्गशीर्षात, बिनपाटीलकीचे, ते पायी गावोगाव हिंडले आणि चावडीवर बसून एकच गोष्ट सांगू लागले : "साहेबाला हुरडा घालू नका. रान दाखवा. सगळं दाखवा, पडीकसुद्धा."

कुठं लोकांनी ऐकलं, कुठं हसले. पण आपण, बंधूंनो आणि भगिनींनो, हसू नये. कचेरीत बसून कणगीचा हिशेब करणारं राज्य जुलमी असतं, यात शंका नाही. पण त्या राज्याला आपला सुपीक कोपरा दाखवून, शेजारणीचा माळ झाकून, त्याला अब्रू म्हणणारे हात आपले असतात. धान्य ज्यानं पिकवलं त्याच्या पोटाला आधी मिळालं पाहिजे, आणि हे सरकारला तोंडावर सांगायला ज्याची जीभ कचरते, त्यानं निदान सरकारच्या जिभेचे चोचले तरी पुरवू नयेत!