हरणीच्या कानातला बिल्ला

"हलू नको गं बाई, अजून अर्ध्या गावाचे कान टोचायचेत मला," असं पुटपुटत गुरांच्या डॉक्टरांनी चिमटा दाबला. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला, पण जग मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा, निरगुडसरच्या एका गोठ्यात, हरणी नावाच्या गाईच्या कानातून. मी एक जुना, पिवळा, प्लास्टिकचा बिल्ला आहे. माझ्या अंगावर लांबलचक आकडा आहे. त्याच आकड्यावर हरणीचा विमा उतरवला होता.

कानात राहिलं की सगळं ऐकू येतं. हरणीची मालकीण साळुबाई. तिचा मुलगा भरत मंचरला गॅरेजात कामाला, दिवसभर बाहेर. मग धार काढताना साळुबाई हरणीशीच बोलायची. गुडघे दुखतात, सून माहेरी गेली ती येत नाही, डाळीत यंदा खडे लई. हरणी कान हलवायची आणि साळुबाईला वाटायचं, हिला पटतंय. खरं तर माझ्यामुळे तिला खाज सुटायची. पण मी कशाला सांगू?

डॉक्टरांनी भरतला बजावलं होतं. विमा कंपनी गाईला नावानं ओळखत नाही, बिल्ल्यानं ओळखते. तो पडला, तुटला तर लगेच कळवा, नवा मारून देतो. भरतनं मान डोलावली.

वसुबारस आली. साळुबाईनं हरणीला न्हाऊ घातलं, हळदकुंकू लावलं, आणि तिची नजर माझ्यावर पडली. पूजेच्या दिवशी गोमातेच्या कानात प्लास्टिकचा तुकडा तिला बघवेना. तिनं विळा घेतला आणि माझी दांडी कापली. इतक्या मायेनं कापली की मला रागसुद्धा धरता आला नाही.

उद्या डॉक्टरांना फोन करतो, असं भरत म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

त्यानं मला घरातल्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं, तिथंच मी पडून राहिलो. गंजलेले खिळे कुणाशी बोलत नाहीत. भिंतीपलीकडून कधी साळुबाईचा आवाज यायचा, शब्द कळत नसत. एवढंच कळायचं की मी नसलो तरी तिचं सांगणं चालू आहे.

थंडीत हरणीचं पोट फुगलं आणि उपचार होईपर्यंत ती गेली. भरतनं लगेच कंपनीला फोन लावला. तिकडून सांगितलं की आमचा माणूस बघेपर्यंत गाय पुरू नका, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, कानातल्या बिल्ल्यासकट फोटो लागतील, मगच दावा पुढं जाईल. 'कानातल्या' म्हटल्यावर भरत डब्याकडं धावला. त्यानं मला तारेनं हरणीच्या कानाला बांधलं. कान गार होता. मित्रांनो, त्या कानात मी किती दिवस राहिलो, पण असं एकटं मला तिथं कधी वाटलं नव्हतं.

दाव्याच्या पैशातून दुसरी गाय यायची होती. नाही आली, तर साळुबाईनं दिवसभर बोलायचं कुणाशी?

कंपनीकडून रूही नावाची मुलगी आली, जुन्नरची. तिनं माझा आकडा कागदाशी जुळवला. जुळला. मग तिला तार दिसली. ती उगाच फोनची काच पुसत बसली. डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिले.

"बिल्ला पहिल्यापासून कानातच होता ना, भाऊ?" तिनं हळूच विचारलं.

"गाय आमचीच हाय, मॅडम. साऱ्या गावाला इचारा," भरत म्हणाला.

तिनं गाईचं विचारलंच नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या गोठ्यात माझा कुणी भाऊबंद असेल, तर कितीही मोठा सण असो, त्याला हात लावू नका. आणि तुटलाच, तर त्याच दिवशी कळवा. एक फोन आणि एक नवा बिल्ला, एवढंच काम होतं. ते करायचं राहिलं, आणि आता ती तार सगळ्यांना दिसत होती.

साळुबाई हरणीच्या डोक्यापाशी बसली होती. गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"लिव्ह, पोरी. वसुबारसेला म्याच विळ्यानं कापला त्यो. तवापासनं कानात नव्हताच. ही तार आज बांधली."