पावणेसातचे डॉक्टर

मी आरसा. दिवाणखान्यात मिरवणारा, नक्षीदार चौकटीचा नव्हे. वहीच्या पानाएवढा, पत्र्याच्या कडेचा, मागे तारेची टेकण असलेला. दाढीला बसताना माणसं समोर उभा करतात ना, तसला. माझ्या काचेत डावीकडे खाली एक बारीकशी लाट राहून गेली, त्यामुळे बघणाऱ्याची हनुवटी किंचित वाकडी दिसते. कारखान्यात तपासणीवाल्याने मला बाजूला काढलं आणि त्या बाजूला काढलेल्या ढिगातून एका नटाच्या थोरल्या बहिणीने मला उचललं. धाकटा भाऊ परदेशी निघाला होता. "हनुवटी वाकडी दिसली तर दिसू दे, तुझं नाक तरी कुठे सरळ आहे," असं म्हणत तिने मला त्याच्या सदऱ्यात गुंडाळलं. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर.

नट तेव्हा एकतीस वर्षांचे होते. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत त्यांची दहा वर्षं गेली होती. राजा, वकील, सासरा, अडल्या वेळी सासूसुद्धा, सगळं केलं होतं. मग तिकडे सरकार बदललं, नाटकघरांना कुलपं लागली आणि मालकाने सगळ्यांना गोळा करून ज्याने त्याने आपापलं बघावं असं सांगितलं. बायकोचा भाऊ आधीच इकडे येऊन एका लाँड्रीत इस्त्रीला लागला होता. त्याने बोलावलं, म्हणून हे निघाले. बायको आणि दोन वर्षांची लेक मागाहून आल्या.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत चौघं राहत. भिंतीपलीकडे दिवसभर वाफ चाले, आणि माझ्यावर इतकं धुकं साचे की नट मला बाहीने पुसून पुसून कंटाळत. इथली भाषा त्यांनी पुस्तकातून शिकली होती. वाचता यायची, समजायची, पण तोंडातून निघाली की समोरचा कपाळाला आठ्या घालायचा. मग त्यांनी माझ्यासमोर बसायला सुरुवात केली. ओठ कधी मिटतात, जीभ कुठे टेकते, जबडा किती उघडतो, हे बघत एकेक शब्द पन्नास-पन्नास वेळा. लोक आरशात तोंड बघतात. हे तोंडाचं काम बघत.

लेक शाळेत जायला लागली आणि त्यांची मास्तरीण झाली. वय वर्षं सहा, पण दरारा मोठा. "बाबा, जीभ दातांत धरायची, चावायची नाही," असं सांगून ती माझ्यात स्वतःची जीभ काढून दाखवी. नट गंभीरपणे तसंच करीत. बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणे, "दोघं मिळून आरशाला वेडावताय, बिचारा पळून जाईल."

सिनेमाचं काम लाँड्रीमुळेच मिळालं. एका स्टुडिओचे पोशाख तिथे धुवायला येत. ते पोहोचवायला गेलेल्या नटांना दिग्दर्शकाच्या मदतनीसाने थांबवलं, चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि दुसऱ्या आठवड्यात यायला सांगितलं. काम हॉटेलातल्या नोकराचं. वाक्य एकच: साहेब, गाडी आली. हे तीन शब्द त्यांनी माझ्यासमोर आठ दिवस घोटले. इतके, की शेवटी लेकीनेही मान हलवून पास केलं.

त्या दिवशी मी रंगपटातल्या टेबलावर होतो, दार उघडं होतं. नटांनी वाक्य म्हटलं, अगदी इथल्यासारखं, चोख. दिग्दर्शक म्हणाले, "छान, पण फार स्वच्छ बोलतोस. तू बाहेरचा आहेस ना? मग बाहेरच्यासारखं बोल."

नटांनी आठ दिवसांची मेहनत बाजूला ठेवली आणि पहिल्या महिन्यात जसं अडखळत बोलत होते तसं बोलून दाखवलं. सगळे खूष झाले. तिथून त्यांचं नशीब ठरलं. पुढच्या काही वर्षांत एकेचाळीस सिनेमे केले: नोकर, हेर, तस्कर, घातकी खानसामा. त्यातल्या सव्वीसांत त्यांना मरावं लागलं. जिन्यावरून पडून, पाठीत सुरा खुपसून, एकदा तर पिंपात बुडून. मरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. संध्याकाळी घरी आले की बायको विचारी, "सदरा धुवायचा आहे, की आज भोक पाडलंय?"

कामाची लाज त्यांना नव्हती. पण लेक दहा वर्षांची असताना एकदा शाळेतून गप्प गप्प आली. मैत्रिणींनी सिनेमा पाहिला होता आणि मधल्या सुट्टीत तिच्या बाबांसारखं अडखळत बोलण्याचा खेळ मांडला होता. तिने दप्तर खाली ठेवून विचारलं, "तुम्हांला नीट बोलता येतं ना? मग तुम्ही असं का बोलता?"

"नीट बोलायला कोणी बोलावत नाही," नट म्हणाले.

त्या दिवसापासून लेक रस्त्यात घरची भाषा बोलेनाशी झाली. आईने काही विचारलं तरी उत्तर इथल्या भाषेत. नटांनी ते पाहिलं, पण तिला टोकलं नाही.

स्टुडिओतला रंगभूषा करणारा म्हातारा भला माणूस होता. त्यानेच सांगितलं की रेडिओ केंद्राला मालिकेसाठी आवाज हवेत, आणि तिथे परीक्षक उमेदवाराकडे पाठ करून बसतात. नट मला पिशवीत घालून गेले. आरसा पुढ्यात असला की शब्द चुकत नाही असा त्यांना विश्वास बसला होता. त्यांनी मला कागदाशेजारी उभं केलं आणि गावाकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरची दोन पानं वाचली. वाचून झाल्यावर तिघे परीक्षक वळले. त्यातल्या एकाने खोलीभर नजर फिरवून विचारलं, "आत्ता वाचत होते ते गेले कुठे?"

अशा रीतीने आमचे नट डॉक्टरकाका झाले. आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी पावणेसात. अकरा वर्षं. स्टुडिओत त्यांच्या शेजारी आवाजवाला बसे. परातीत वाटाणे फिरवून तो पाऊस पाडी, जुन्या छत्रीची उघडझाप करून पक्षी उडवी, आणि डॉक्टरांची पावलं स्वतःच्या बुटांनी वाजवी. नट म्हणत, "आवाज माझा, पाय याचे. दोघांत मिळून एक डॉक्टर."

आणि काय ते डॉक्टर! लोक आपल्या गुडघ्यांची, अपचनाची, सुनांचीसुद्धा गाऱ्हाणी लिहून पाठवीत. नट ती पत्रं घेऊन कोपऱ्यावरच्या खऱ्या डॉक्टरकडे जात, सल्ला विचारीत आणि घरी येऊन उत्तरं लिहीत. सुनांबद्दलची उत्तरं मात्र बायको सांगे.

केंद्र त्यांचं नाव कधी जाहीर करत नसे. 'डॉक्टरकाका' एवढंच. अकराव्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की नगरमंदिराच्या सभागृहात श्रोत्यांसमोर जाहीर प्रयोग करावा. व्यवस्थापकांनी नटांना चहाला बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. बराच वेळ कप फिरवत राहिला, मग म्हणाला की लोकांच्या मनात डॉक्टरांचं एक रूप ठसलं आहे. ते बिघडू नये म्हणून रंगमंचावर एक उंच, पांढऱ्या केसांचा, इथला नट खुर्चीत बसेल आणि ओठ हलवील. तुम्ही पडद्यामागून बोला.

नटांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा लेक बावीस वर्षांची होती. ती म्हणाली, सरळ नाही म्हणा. बायकोने हातातली घडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुम्हांला ते डॉक्टर आवडतात की नाही?"

"आवडतात."

"मग त्यांना एकटं कसं सोडाल?"

नट हो म्हणाले. लेकीने आपण येणार नाही असं जाहीर केलं.

प्रयोगाच्या दिवशी पडद्यामागे स्टुलावर मी, शेजारी वाटाण्याची परात, आणि पुढे खुर्चीत तो उंच नट. आवाजवाल्याने त्याचं नाव ताडमाड ठेवलं होतं. पण ताडमाड कामाला पक्का होता. तीन तालमींत प्रत्येक शब्दावर ओठ जुळवले होते. प्रयोग बिनचूक झाला. शेवटी श्रोत्यांचे चार प्रश्न ठरलेले होते, त्यांची उत्तरंही लिहिलेली होती. चौथं उत्तर संपलं आणि टाळ्या व्हायच्या आत एक बाई बोलायला लागल्या. आवाजावरून म्हाताऱ्या वाटल्या.

"डॉक्टर, माझ्या यजमानांना शेवटची दोन वर्षं दिसत नव्हतं. पावणेसात वाजले की मला गप्प बसवायचे. गेल्या महिन्यात ते गेले. आता पावणेसातला मी काय करू, ते सांगा."

कागदावर याचं उत्तर नव्हतं. पुढून ताडमाडचं खाकरणं ऐकू आलं. आवाजवाल्याने नटांकडे पाहिलं. नट माझ्यात बघत होते, पण या वेळी ओठांकडे नव्हे. मग ते बोलले.

"बाई, यावर औषध मला माहीत नाही. माझी थोरली बहीण तिकडे वारली, ते मला सहा आठवड्यांनी पत्रातून कळलं. त्या संध्याकाळीही मी येऊन तुमच्याशी बोललो. बोलत राहिलं की तेवढी वेळ सरते. तुम्हीही बोला. मी मध्ये बोलत असलो तरी बोला. मला चालेल."

त्या पत्राचं त्यांनी बायकोखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. आणि हे सगळं न घोकता आलं होतं. इतकी वर्षं दातांत धरलेले आवाज निसटले, 'र' जड झाला, वाक्यांनी घरच्या भाषेची चाल धरली. सभागृहात कुजबुज सुरू झाली, कारण खुर्चीतल्या डॉक्टरांचं तोंड मिटलेलं होतं आणि आवाज चालूच होता.

ताडमाड उठला. "बाई," तो म्हणाला, "डॉक्टर मागे आहेत. मी फक्त उंच आहे."

आवाजवाल्याने कोणाला न विचारता पडद्याची दोरी ओढली. समोर शेकडो माणसं. अलीकडे आमचे नट, बुटके, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात. कोणी हसलं नाही, कोणी टाळी दिली नाही. त्या बाईंनी त्यांना नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, किती वेळचे उभे आहात. बसा की." ताडमाडने खुर्ची पुढे सरकवली. नट बसले, आणि बाईंशी आणखी थोडा वेळ बोलले.

तिसऱ्या रांगेत लेक होती. येणार नाही म्हणाली होती, पण आईचा हात धरून आली होती. घरी जाताना मी पिशवीत होतो, म्हणून दिसलं नाही, पण ऐकलं. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ती बाबांशी घरच्या भाषेत बोलत होती. मोठ्याने. व्याकरण भयंकर होतं.

याने सगळं गोड झालं असं मात्र नाही. पत्रांचे दोन ढीग आले. एकात शाबासकी, दुसऱ्यात आम्हांला फसवलंत म्हणून शिव्या. दुसरा थोडा उंच होता. सात महिन्यांनी मालिकेतले डॉक्टरकाका दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला. शेवटचा भाग वाचून नट घरी आले आणि बायकोला म्हणाले, "एका तरी कामातून जिवंत बाहेर पडलो." ती हसली. मग दोघंही पावणेसातला नेमकं काय करायचं ते न सुचून बसून राहिले.

बऱ्याच वर्षांनी केंद्राने तिकडून आलेल्या लोकांसाठी रविवारी सकाळी घरच्या भाषेत अर्धा तास दिला. तो नटांकडे आला. आता माझी गरज नाही असं त्यांना वाटलं. दुसऱ्याच आठवड्यात नुकत्याच आलेल्या एका तरुणीचं पत्र आलं: तुमचा कार्यक्रम फार आवडतो, तुम्ही अगदी माझ्या आजोबांसारखं जुनं बोलता. नटांनी ते दोनदा वाचलं. इथली भाषा शिकता शिकता घरची भाषा तिकडे पुढे निघून गेली होती. त्यांनी त्या मुलीला बोलावून घेतलं, नवे शब्द लिहून घेतले, आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी पुन्हा माझ्यासमोर बसले.

एक्याऐंशीव्या वर्षी ते गेले. झोपेत, शांतपणे, कोणी सुरा न मारता. बायको त्याआधी तीन वर्षं गेली होती.

लेकीने रेडिओ केंद्रात जाऊन अकरा वर्षांच्या फिती मागितल्या. तिथल्या कारकुनाने अदबीने सांगितलं की तेव्हा फिती महाग होत्या, एक भाग वाजला की पुसून त्यावरच दुसरा घेत. एकही उरली नाही. ज्या आवाजाने माणसं गुडघे विसरली तो आवाज कुठेच नाही. उरलेत ते एकेचाळीस सिनेमे.

मी आता लेकीच्या घरी आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत. कडेचा पत्रा गंजलाय, मागचा मुलामा सुटलाय. माझ्यात आता अर्धाच माणूस दिसतो. लेकीने साठी ओलांडली. ती मला पुसते, पण माझ्यात बघत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. दुपारी कधी जुना सिनेमा लागतो. शेवटी नावं सरकायला लागली की तुम्ही उठता, कोणी पाणी प्यायला, कोणी दिवा लावायला. जरा थांबा. मोठी नावं आधी जातात. मग बारीक अक्षरांत नोकर, पहारेकरी, दुसरा चोर. ती ओळ फार भरभर वर जाते. तिथे एक नाव आहे. नाव इथल्या लोकांना नीट म्हणता येत नाही, पण एकदा म्हणून बघा. चुकलं तरी चालेल.