चौथी तलवार

बाबांचा आयुष्यात दोनच गोष्टींवर विश्वास: धारेच्या चाकावर आणि मावशीच्या पत्त्यांवर. डॉक्टर त्यात बसत नव्हते. छातीत कळ येऊन बाबा धार लावायच्या दुकानात कोसळले, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "आता चाक बंद. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही." बाबांनी मान डोलावली आणि बरं वाटताच दुकान उघडलं.

आईने समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी तिने मावशीला गाठलं. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, टॅरोचे पत्ते वाचून भविष्य सांगते. ठरवून पत्ता काढायचा नाही, हा तिचा नियम.

"नियम तुझा, नवरा माझा," आईने सुनावलं.

सुट्टीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मावशीने पत्ते पिसले, नको तितके पिसले, आणि एक बाबांपुढे ठेवला. चार तलवारी. चित्रात एक योद्धा चौथऱ्यावर हात जोडून आडवा पडलेला. वर भिंतीवर तीन तलवारी, चौथी त्याच्या खाली.

"मेलाय?" बाबांनी विचारलं.

"नाही हो भावोजी, विश्रांती घेतोय," मावशी घाईघाईने म्हणाली. "हा पत्ता म्हणजे तूळ राशीतला गुरू. तूळ म्हणजे तराजू, समतोल. गुरू म्हणजे शहाणपण. लढाई थांबवा, शस्त्रं टांगा, पडून राहा. अगदी स्पष्ट आहे."

बाबांनी चष्मा चढवला आणि गिऱ्हाइकाची कात्री बघावी तसा पत्ता उजेडात धरला.

"तीन झाल्या," ते म्हणाले. "धार लागून भिंतीवर गेल्या. ही चौथी राहिलीय. काम अर्धवट टाकून आडवा झालाय, म्हणून हात जोडतोय. तुझा गुरू शहाणा असेल तर आधी याला उठवेल."

आणि स्वतःच उठले. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू पत्ता मीच छापला होता. मला मावशीचा राग आला, पत्त्याचा आला, त्या झोपाळू योद्ध्याचा तर फारच आला.

पण बाबा दुकानात गेले नाहीत. ते स्वयंपाकघरात गेले. साऱ्या बाजाराच्या कात्र्यांना धार लावणाऱ्या माणसाच्या घरातली सुरी माझ्या जन्माआधीपासून बोथट होती. तिने टोमॅटो कापला जात नसे, चिरडला जाई. आई बोलली की बाबांचं उत्तर ठरलेलं: "उद्या लावतो." आज त्यांनी खुर्चीवर बसून हातातल्या दगडावर तिला धार लावली, सावकाश, मध्ये दम खात. मग ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, दुकानाची किल्ली आईच्या हातात दिली आणि बाहेरच्या खोलीत कोचावर आडवे झाले.

मी पाणी घेऊन गेले. "पत्त्याने सांगितलं म्हणून ना, बाबा?"

"पत्ता मावशीने गठ्ठ्याच्या तळातून काढला," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "इतक्या वर्षांत तिने कधी लबाडी केली नाही. म्हटलं, ही एवढी घाबरलीय, म्हणजे माझं काही खरं नाही."

मग त्यांनी छातीवर हात जोडले.

"हात बाजूला घ्या!" आई दारातून ओरडली. "त्या चित्रातल्यासारखे झोपू नका!"

बाबांनी निमूट हात बाजूला घेतले. आई कोचाच्या कडेला येऊन बसली आणि त्यांची छाती वर-खाली होताना बघत राहिली. किल्ली तिने मुठीतून सोडली नाही.