मोजायचं ते गार झाल्यावर

तिने तपासणीचा शिक्का उचलला आणि थेट ॲप्रनच्या खिशात घातला.

"अगं, मालाची गाडी दारात उभी आहे," काका म्हणाले. "मार ना पटापट."

"नाही मारणार."

टेबलावर चारशे बोल्ट मांडलेले होते. मोटारीच्या पुढच्या चाकाचा कल जुळवून तो तसाच धरून ठेवणारे बोल्ट. केसाच्या दहाव्या हिश्श्याने बारीक निघाले तरी भोकात हलतात, आणि मग गाडी भलतीकडेच ओढते. कारखाना दोघा भावांचा. काका गिऱ्हाइकं सांभाळायचे, बाबा बोल्ट घासून मापात आणणारं ग्राइंडर मशीन. तपासणी तिची, आणि तिच्या शिक्क्याशिवाय पेटी बंद होत नसे.

बाबांनी मशीनवरून नुकताच उतरलेला बोल्ट मायक्रोमीटरमध्ये धरला.

"बघ, बरोब्बर. तुझ्या जन्माआधीपासून असंच मोजतोय मी."

"तो कोमट आहे, बाबा. कोमट लोखंड फुगलेलं असतं. सकाळचे मी जेवणानंतर परत मोजले. हा बघा."

तिने गार बोल्ट गेजच्या अरुंद फटीपाशी धरला. मापात असता तर या फटीतून तो जायलाच नको होता. सुळकन गेला.

"केसाचा दहावा हिस्सा!" काकांनी कपाळावर हात मारला. "उगाच नाकाने कांदे सोलू नकोस. मागच्या महिन्याचा माल असाच तर गेला. तेव्हा नाही आठवलं तुला गार नि कोमट?"

खरंच होतं ते. बाबांनी मोजलंय म्हटल्यावर आपण कशाला बघायचं, म्हणून तिने तेव्हा डोळे झाकून शिक्के मारले होते. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला.

"तोही परत मागवा," ती म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? बाजारात नाक कापलं जाईल आपलं!"

"जाऊ दे. शिक्का माझा होता, गिऱ्हाइकाला फोनही मीच करते."

"आणि मोजलं कुणी, असं विचारलं त्यांनी तर? बापाचं नाव सांगशील?"

"विचारलं तर खोटं नाही बोलणार."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते टेबलाशी आले, सकाळच्या ट्रेमधला एक बोल्ट उचलून त्यांनी फटीत घातला. गेला. दुसरा घातला. तोही गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी आधी फट फडक्याने पुसली, मग बोल्ट पुसला, चष्मा वर सरकवला. तोही गेला.

काकांनी तोंड उघडलं, तसा बाबांनी हात वर केला.

"गाडी रिकामी पाठव," ते म्हणाले. "आणि हिला तो फोन नंबर दे."

काका पाय आपटत बाहेर गेले. बाबांनी स्टूल ओढलं आणि मशीनवरून उतरलेल्या ताज्या बोल्टांसमोर बसले.

"किती वेळ लागतो गं," त्यांनी विचारलं, "हे गार व्हायला?"