भित्रीचं मशीन

दोन बोटं करवतीत गेल्यावर व्हर्नाने सुतारकाम सोडावं, असं डुलुथमधल्या तिच्या घरी सगळ्यांचंच म्हणणं होतं. तरी वापरलेलं करवतीचं मशीन घ्यायला ती दिराला घेऊन जुनी यंत्रं विकणाऱ्या ऑर्विलच्या शेडमध्ये गेलीच.

"हे वडिलांच्या वेळचं, अस्सल बिडाचं," ऑर्विल म्हणाला. "ते दुसरं चारच वर्षांचं. बोट लागलं की पातं जागच्या जागी थांबतं. भित्र्यांसाठी आहे ते."

दीर हसला. "वहिनी, त्यापेक्षा विणकाम करा."

व्हर्नाने तीन बोटांचा हात त्या दुसऱ्या मशीनवर ठेवला. पात्याची भीती तिला अजून वाटत होती.

"भित्रीच आहे मी," ती म्हणाली. "हेच द्या. भाऊजी, हसताय काय, उचला. सोमवारपासून मला कपाटं करायची आहेत."

दिराने मशीनला हात घातला.