माझ्या ट्रॅक्टरने ओढून नेलेलं शेत

कॉफीचे कप घट्ट धरा, कारण कुणाचा विश्वास बसणार नाही. पण माझ्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरने एकदा आपल्या विस्कॉन्सिन राज्याचा नकाशा बदललाय.

त्या एप्रिलात बर्फ वितळून गुरांच्या आवारात गुडघाभर चिखल झाला होता. जावई ड्वेनने नवाकोरा स्किड स्टीअर आणला होता. बुटकं यंत्र, जागच्या जागी गिरकी घेणारं. म्हणाला, "सासरेबुवा, गाईंना गवताचा गठ्ठा आधी पोचवेल ते यंत्र राहील. दुसरं भंगारात."

माझा ट्रॅक्टर भंगारात? याच ट्रॅक्टरवर बसून मी बायकोला मागणी घातली होती!

ड्वेन सुसाट निघाला आणि मधोमध सवयीने गर्रकन वळला. चिखलात गिरकी घेणं म्हणजे स्वतःसाठीच विहीर खणणं. यंत्र टपापर्यंत रुतलं. मी आपला उंच चाकांना साखळ्या बांधून डुलत गेलो, गठ्ठा टाकला आणि येताना जावयाला दोर लावला. ट्रॅक्टरने काय हिसका दिला म्हणता! यंत्र चिखल सोडेना, म्हणून चिखलच निघाला. त्यामागे कुंपण, गोठा, गाई, अख्खं शेत दोन मैल सरकलं...

"पुरे रे ऑर्विल!" शेजारीण गेर्डा टेबलावर हात आपटत ओरडली. "तुमची दोन्ही धुडं शेजारी-शेजारी रुतली होती. माझ्या घोड्यांनी काढली, म्हणून पैज बरोबरीत सुटली आणि तुझा ट्रॅक्टर वाचला. घोड्यांचे मुके कोण घेत होतं मग?"